फॅट किती लागली?

आरोग्यावर बोलायला मला बोलावलंय, पण सुरुवात मी लोण्याच्या भावापासून करणार आहे, कारण शेतीचं धोरण बदललं की ताट बदलतं आणि ताटाबरोबर आरोग्यही. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट गेली तेव्हा सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. मांस, लोणी, डुकराची चरबी यांच्यावर वर्षानुवर्षं मिळणारं अनुदान बंद झालं. भाव चढले. बाहेरून वनस्पती तेलं आणि फळं येऊ लागली, लोकांच्या ताटातलं स्निग्ध बदललं. त्याआधी कित्येक वर्षं चढत गेलेले हृदयविकाराचे मृत्यू १९९१ पासून उतरायला लागले. गंमत अशी की यात आरोग्य खात्याचा काडीचाही हात नव्हता. पैसे वाचवायला केलेली काटकसर होती ती.

फिनलंडने हेच ठरवून केलं, आणि त्यात त्यांची चांगलीच दमछाक झाली. उत्तर कारेलिया प्रांतात ऐन चाळिशी-पन्नाशीतले पुरुष हृदयविकाराने जात होते. १९७१ साली तिथल्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या हाताखाली प्रकल्प सुरू झाला. लोणी कमी करा, मीठ कमी करा, सिगारेट सोडा. सल्ला बरोबर होता, पण प्रांत दुधावर जगणारा!

दुधातली फॅट मोजतात कशी, ठाऊक आहे? काचेच्या नळीत नमुना घ्यायचा, सल्फ्युरिक आम्ल घालायचं, नळी यंत्रात गरगर फिरवायची. स्निग्धांश वर येऊन थांबतो, मग नळीवरच्या रेघा वाचायच्या. जितकी फॅट लागेल तितका भाव. म्हणजे डॉक्टर सांगतोय चरबी कमी करा आणि दुधाचा दर सांगतोय वाढवा. शेतकरी कोणाचं ऐकेल? ज्याच्याकडून पैसे येतात त्याचं. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

हळूहळू भाव ठरवताना प्रथिनांना वजन आलं. तिथल्या थंडीत टिकणारं मोहरीच्या कुळातलं रेपसीड घरचं तेल देऊ लागलं. दुधाचा धंदा सोडू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना बेरी लावायला मदत मिळाली. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आता सगळं श्रेय त्या काचेच्या नळीला देऊ नका. सिगारेट सुटली, रक्तदाबाचे उपचार सुधारले, त्याचाही वाटा मोठा.

मॉरिशसने १९८७ मध्ये एवढा द्राविडी प्राणायाम केलाच नाही. रेशनच्या तेलात पामतेल जास्त असायचं, सरकारने त्याजागी सोयाबीनचं तेल आणलं. कढया त्याच, स्वयंपाक तोच, पण पाच वर्षांत सरासरी कोलेस्टेरॉल उतरलं. वजनं मात्र वाढतच राहिली, हेही सांगायला हवं.

आता अमेरिकेचा मका. तिथे गोड पेयांत साखरेऐवजी मक्याचा पाक घालतात; मक्याचं अनुदान काढा, लठ्ठपणा जाईल, असं ठासून सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. गोड पेयाच्या किमतीत मक्याचा वाटा अगदीच थोडा असतो. शिवाय हा पाक तिथे चालला, कारण साखरेच्या आयातीवर बंधनं घालून सरकारने साखर महाग ठेवली होती. खरा परिणाम दशकानुदशकं एकाच पिकामागे उभ्या केलेल्या संशोधनाचा, विम्याचा, साठवणीचा. भाज्या-फळांना तिथल्या कायद्यात काय म्हणतात? 'विशेष पिकं'. रोज खायची वस्तू, आणि ती विशेष!

एक गाठ मात्र माझ्याच्याने सुटलेली नाही. धोरण बदललं की शेतकऱ्याचा तोटा याच हंगामात होतो आणि तो कृषिमंत्र्याच्या दारात येऊन उभा राहतो. फायदा दिसतो वीस वर्षांनी, तोही इस्पितळाच्या खर्चात, म्हणजे दुसऱ्याच खात्याच्या वहीत. कृषिमंत्री विचारतो, मग बेरीच्या रोपांचे पैसे माझ्या खात्यातून का? त्याचंही अगदीच चुकत नाही.