चिकटलं म्हणजे रिसेप्टरवर बसलं, असं नाही

रक्तपेशींवर इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे हे हार्मोन धरणाऱ्या जागा, किती आहेत ते मोजायचंय. समजा, नळी गॅमा काउंटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, टाकली आणि आकडा आला 4,000. एवढं सगळं इन्सुलिन रिसेप्टरवर बसलंय का? नाही. थोडं पेशीच्या पटलाला असंच चिकटलंय, थोडं तर चक्क नळीच्या प्लास्टिकला.

[स्क्रीनवर: शेजारी शेजारी दोन नळ्या]

पहिल्या नळीत पेशी आणि किरणोत्सारी आयोडीन-125 जोडलेलं किंचित इन्सुलिन. दुसरीत तेच सगळं, वर साधं इन्सुलिन हजार पटींहून जास्त. रिसेप्टर मोजकेच, त्यामुळे साधं इन्सुलिन जवळजवळ सगळ्या जागा अडवतं. तरीही दुसऱ्या नळीत जे उरतं, समजा 700, ते रिसेप्टरचं नव्हे. वजा करा. 3,300 हे खरं स्पेसिफिक बाइंडिंग, म्हणजे फक्त रिसेप्टरवर बसलेलं. दुसरी नळी दर वेळी लावायचीच. मागच्या प्रयोगाचा आकडा उसना घ्यायचा नाही.

आता पेशी. रक्त सलाइनने दुप्पट पातळ करा, 1.077 घनतेच्या फायकॉल या जड द्रवावर अलगद सोडा, 400 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट) 30 मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद! नाहीतर थर ढवळतात. मधल्या पांढुरक्या कड्यात लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या दोन्ही प्रकारच्या पांढऱ्या पेशी येतात, आणि खरी गोम इथे आहे: यातलं इन्सुलिन मुख्यतः मोनोसाइट धरतात. एका नमुन्यात मोनोसाइट 10 टक्के, दुसऱ्यात 20 टक्के असले, तर प्रत्येक पेशीवर रिसेप्टर तेवढेच असूनही बाइंडिंग जवळपास दुप्पट दिसेल. म्हणून मोनोसाइट वेगळे मोजा आणि त्यांच्या संख्येने भागा.

लाल पेशी वापरल्या तरी सुटका नाही. कोवळ्या पेशींवर, म्हणजे रेटिक्युलोसाइटवर, रिसेप्टर जास्त असतात. अ‍ॅनिमियातून सावरणाऱ्या माणसाचा आकडा त्यामुळेच फुगतो. शिवाय लाल पेशी फुटल्या की इन्सुलिन तोडणारं एन्झाइम आतून बाहेर येतं. द्रव गुलाबी दिसला तर ती नळी बाद.

तापमान? 37 अंशांवर मोनोसाइट हार्मोनला रिसेप्टरसकट आत ओढतात आणि तोडतात. लाल पेशींसाठी साधारण 15 अंश, पीएच 8 आणि साडेतीन तास ठेवतात. नंतर पेशी पुन्हा पुन्हा धुऊ नका, बसलेलं हार्मोन सुटून जातं. डायब्युटाइल थॅलेट या तेलकट द्रवाच्या थरातून एकदाच खाली फिरवा. पेशी तळाला जातात, सुटं हार्मोन वर राहतं.

[स्क्रीनवर: 1 फेम्टोमोल (सुमारे 60 कोटी रेणू) ÷ 10 लाख पेशी ≈ प्रत्येकी 600 जागा]

हा हिशेब पाठच करा. केडी म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारं सुट्या हार्मोनचं प्रमाण. नऊपट घेतलं तर 90 टक्के भरतात.

स्कॅचर्ड आलेखात बसलेलं भागिले सुटं हे बसलेल्याच्या समोर मांडतात; एकाच जातीच्या जागा असतील तर सरळ रेष यायला हवी. इन्सुलिनचा आलेख मात्र वाकडा येतो. त्यावर पट्टीने दोन रेषा ओढून 'दोन जातींचे रिसेप्टर' जाहीर करायची घाई नको. एक रेणू बसला की आधी बसलेल्याची पकड सैल होते, तेवढ्यानेही आलेख वाकतो. आणि ते 700 चुकीचे वजा झाले असतील, तर त्यानेही.