सहा आठवड्यांचं मौन

(अमरावती येथे बी.एड.च्या छात्राध्यापकांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्यातला ओघ ठेवून संपादित.)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘परदेशातील शिक्षण आणि भावी शिक्षक’. छापल्यावर फारच भारदस्त दिसतो. तुमच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, “मुलांना प्रेरणा मिळेल असं काही बोला.” प्रेरणेचा साठा माझ्याकडे नाही. माझ्याकडे एक शेरा आहे, मीच लिहिलेला. तिथूनच सुरू करते.

१९९३ सालची गोष्ट. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवत होते आणि मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आमच्या मुलांचे सराव पाठ चालू होते. तिसरीचा वर्ग, गणिताचा तास, हातच्याची बेरीज. मी मागे खुर्ची टाकून पाठ निरीक्षण करत होते. टाटपट्टीच्या टोकाला एक मुलगा बसला होता. छात्राध्यापिकेनं त्याला तीनदा उभं केलं, तीनदा विचारलं. पोरगं ओठ मिटून उभं. पस्तीस मिनिटांत एक अक्षर नाही. मी वहीत लिहिलं, “प्रतिसाद शून्य. विद्यार्थी मंद असल्याचे जाणवते.” खाली सही, तारीख.

घंटा झाली, मुलं पांगली. तो तिथंच बसून चिंचोके मांडत होता आणि पुटपुटत होता, “मिया, बारी...” मला वाटलं, कुणा मियाँ नावाच्या दोस्ताला हाक मारतोय. मी उठले, जीपमध्ये बसले आणि परतवाड्याला चहा घेतला.

पुढच्या वर्षी मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेले. माझं एम.ए. इंग्रजीतलं, शिकवण्याचा अनुभव आठ वर्षांचा. पहिल्या दिवशी बसमध्ये चढले तर ड्रायव्हर मला “लव्ह” म्हणाला. मी घाबरून नाणी खाली पाडली. यॉर्कशायरमध्ये ड्रायव्हर, भाजीवाली, पोस्टातला माणूस सगळे सगळ्यांना असंच म्हणतात, हे कळायला आठवडा गेला. घरमालकीण जे बोलायची त्यातलं मला ‘टी’ तेवढं समजायचं, आणि त्याचा अर्थही तिच्या घरी रात्रीचं जेवण असा होता. मी दोन दिवस जेवण सोडून चहाची वाट पाहिली.

हे सगळं हसण्यावारी गेलं. वर्गात मात्र हसू येत नव्हतं. आठ-दहा जण गोल बसायचे, प्राध्यापक मुद्दा टाकायचे आणि चर्चा सुरू व्हायची. मी मनात वाक्य जुळवायचे, क्रियापद तपासायचे, तोंड उघडेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असायची. सहा आठवडे मी एक शब्द बोलले नाही. प्राध्यापक माझ्याकडे बघून मान हलवायचे तेव्हा मी वहीत डोकं घालायचे. मला विषय येत होता हो! पण येतो हे कुणाला दिसायची सोय नव्हती. इकडे कॉलेजात मी बडबडी म्हणून प्रसिद्ध. तिकडे माझ्याबद्दल कुणी शेरा लिहिला असता, तर काय लिहिला असता?

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्हाला शाळांमध्ये बसावं लागायचं. मला ब्रॅडफर्डमधली एक प्राथमिक शाळा मिळाली. ब्रॅडफर्डमध्ये पाकव्याप्त काश्मीरातल्या मिरपूरकडची माणसं खूप. १९६० च्या दशकात झेलमवर मंगला धरण बांधलं, मिरपूरची गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि त्यातली कितीतरी कुटुंबं इंग्लंडच्या कापड गिरण्यांत कामाला गेली. त्यांची नातवंडं त्या वर्गात होती. त्यात एक सात वर्षांची मुलगी, नुकतीच तिकडून आलेली, काही म्हणजे काही बोलत नसे. वर्गशिक्षिकेनं मला मोठ्या आशेनं तिच्यापाशी नेलं. तुमचीच भाषा ना? मी खाली बसून माझ्या सर्वात गोड हिंदीत तिचं नाव विचारलं. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली. तिच्या घरची बोली पहाडी. माझी हिंदी तिला तितकीच परकी, जितकी वर्गातली इंग्रजी. सगळ्या सावळ्या माणसांची भाषा एकच असते हा त्या बाईंचा गैरसमज, आणि हिंदी आली की भागतं हा माझा. दोघी सारख्याच.

त्या बाईंनी मला नंतर जे सांगितलं त्यासाठी मी सात समुद्र ओलांडले असं आज म्हणेन. त्या म्हणाल्या, ती बोलत नाही कारण ती ऐकतेय. भाषा शिकणाऱ्याचा एक मूक काळ असतो, काहींचा आठवड्यांचा, काहींचा महिन्यांचा. तेवढ्यात तिला उभं करून विचारायचं नाही. तिच्या हाताला काम द्यायचं, चित्र, मणी, पाणी मोजायची भांडी, आणि तिच्या हातावर लक्ष ठेवायचं. शास्त्र म्हणून हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे चिंचोके आले.

त्या रात्री मी पुस्तकं चाळत बसले. धारणीकडच्या आदिवासींची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, संथाळीशी आहे. ‘मिया’ म्हणजे एक. ‘बारी’ म्हणजे दोन. तो मुलगा दोस्ताला हाक मारत नव्हता. गणित सोडवत होता.

आता थोडं शास्त्र, कारण त्यावर तुम्हाला प्रश्न येतो. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या अभ्यासकानं अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास मांडला. सुरुवातीला सगळं छान, मग काही महिने माणूस खचतो, मग सावरतो. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्यानं त्याला जोड दिली. माणूस घरी परतला की पुन्हा एकदा खचतो, म्हणून यू नाही, डब्ल्यू. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पुढच्या संशोधकांनी या आलेखांवर बऱ्याच शंका काढल्यात. मला विचाराल तर त्यातली दुसरी उतरण जास्त खरी आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

बाबासाहेबांचंच घ्या. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. वय २२. तिथं त्यांना जॉन ड्यूई भेटले, शिक्षणाच्या विचारातलं त्या काळचं सर्वात मोठं नाव. त्यांच्या पत्नी माईसाहेबांची आठवण अशी आहे की तीस वर्षांनंतरही बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गातल्या लकबी मजेत करून दाखवायचे. बघा, शिक्षकाचं काय उरतं! विचार उरलेच, १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केलाय. पण लकबीही उरल्या. ज्याला शाळेत वेगळं बसवलं गेलं, त्यानं मे १९१६ मध्ये कोलंबियाच्या चर्चावर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला, आणि तो ऐकायला समोर बसलेल्यांत त्याच्या शेजारी बसायला कुणाची हरकत नव्हती.

मग परतणं. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दुसऱ्या कॉलेजांतली मुलं त्यांच्या तासाला येऊन बसायची. आणि स्टाफरूममध्ये काही सहकारी प्राध्यापकांनी, ते सगळ्यांच्या पाण्याच्या भांड्यातून पाणी घेतात म्हणून आक्षेप घेतला. गलाहॉर्नांच्या आलेखात या उतरणीला जागा आहे का? तिथं खचतं ते माणसाचं मन, जुळवून घ्यायचं असतं माणसानं. इथं जुळवून घ्यायची पाळी त्या भांड्याची होती.

मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढे नाझींच्या वंशधोरणाला त्यांनी हात दिला. त्यांचं गृहीतक असं की गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यातून त्यांची बुद्धी सरस ठरते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या असमानतेचा काही संबंध त्यांना आढळला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच माणसाच्या गृहीतकाविरुद्ध! १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्या विद्यार्थ्यांना गावोगाव, रानोमाळ सोबत न्यायच्या, हे मला त्या बर्लिनच्या कवट्यांचंच पुढचं पान वाटतं. पुस्तक काय म्हणतं ते राहू दे, मोजून बघ.

आणि आपले भाऊसाहेब. पापळसारख्या खेड्यातून पंजाबराव देशमुख एडिंबरोला गेले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयावर डॉक्टरेट केली, बॅरिस्टर झाले. परत येऊन इथं वसतिगृह काढलं, शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्या संस्थेच्या शाळेत शिकलेले या सभागृहात किती? हात वर करा. झालं, मोजत नाही.

आता आजचं. माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी येतं. मॅडम, शिफारसपत्र द्या. मी देते. एका मुलाला विचारलं, तिकडे कसं काय? म्हणाला, मस्त, आम्ही सात जण एका घरात, तिघे अकोल्याचे, दोघे यवतमाळचे, वरण-भात रोज. सकाळी कॉलेज, रात्री दुकानात काम, सुट्टीत कर्जाच्या हप्त्याचा हिशेब. त्याला मी दोष देत नाही, हप्ता खरा असतो. पण बाप्पा, तू गेलास कुठं? तू तर अकोल्यातच आहेस, भाडं तेवढं पाउंडात!

दुसरा प्रकार सहलीचा. आठ दिवस फिनलंड. फोटोत वर्गाबाहेर काढलेले बूट, रंगीत उशा, जंगलात चाललेली मुलं. परतल्यावर शाळेत रंगीत उशा येतात. तिथं १९७९ पासून शाळाशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते आणि त्याच्या वर्गावर रोज कुणी टपून बसत नाही, याचा फोटो निघत नाही.

युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आता ती संख्या दरवर्षी लाखांत असते. युरोपीय आयोगानं २०१४ मध्ये अंदाज काढला की या योजनेत जुळलेल्या जोडप्यांना एव्हाना दहा लाख मुलं झाली असावीत. हसा, हसा. परिणाम मोजायचा तर हाही परिणामच. त्या योजनेतली मला आवडणारी गोष्ट साधी आहे. तिकडचे गुण इकडे धरले जातात, त्यामुळे गेलेल्याचं वर्ष वाया जात नाही. मी परतले तेव्हा माझ्या कॉलेजात मला ‘विलायती मॅडम’ नाव पडलं. मुलांच्या घरच्या भाषेचा एक रकाना पाठ टाचणात घालू या, असं मी सुचवलं, तर उत्तर मिळालं, “तिकडचं तिकडे.” तो रकाना यायला अकरा वर्षं लागली.

पैसे नाहीत, पासपोर्ट नाही, तर मग काय, असं तुमच्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठानं १९७० च्या दशकात भावी शिक्षकांसाठी एक प्रकल्प सुरू केला. त्यात परदेशी पाठवण्याची सोय होती, तशीच नाव्हाहो आदिवासींच्या प्रदेशात पाठवण्याचीही. विद्यार्थी-शिक्षकांनी तिथल्या शाळेत शिकवायचं आणि शाळेबाहेरही त्याच लोकांत राहायचं. विमानतळ न ओलांडता भाषा बदलते, जेवण बदलतं, आपण अडाणी ठरतो. मला सहा आठवडे मुकं करायला इंग्लंड लागलं. तुम्हाला धारणी पुरेल. अमरावतीहून चार-पाच तास, तेही घाटात बस बंद पडली नाही तर.

सोमवारी तुमची एक तुकडी आंतरवासितेसाठी तिकडे निघतेय असं कळलं. टाचणं तयार असतील, रंगीत खडू घेतले असतील. तिसऱ्या रांगेत बसलेल्या या तुमच्या मैत्रिणीची घरची भाषा कोरकू आहे, मघाशी चहाच्या वेळी तिनं सांगितलं. वर्षभर तुम्ही तिच्यासोबत डबा खाताय. तिच्याकडून दहापर्यंत आकडे शिकून घ्या. मी ‘मिया, बारी’ म्हटलं तेव्हा ती हसली, म्हणजे माझा उच्चार अजूनही चुकतोय. ये गं, पुढे ये. माइक घे. आधी माझा दुरुस्त कर, मग यांच्याकडून म्हणवून घे.