चौघांच्या हातची एक गोधडी

(दृश्य: जमिनीवर अंथरलेलं कापड, चार बाजूंना चौघं बसलेली. फक्त हात दिसतात.)

एकट्याने गोधडी शिवली आणि टाका लांब पडत गेला, तर तो कडेपासून मध्यापर्यंत लांबच पडतो. बघणाऱ्याला ती शिवणाऱ्याची धाटणी वाटते. चौघं मिळून शिवायला बसली की तसं होत नाही. एका बाजूचा टाका बारीक, समोरचा ढोबळ, तिसरीकडे दोरा इतका ओढलेला की कापड आक्रसलंय. हे सगळं एकाच कापडावर उतरतं. मग गोधडी एका कोपऱ्याकडे तिरकी खेचली जाते आणि मध्ये फुगा धरते.

म्हणून गटात शिवायचं तर निम्मं काम सुई हातात घेण्याआधीचं असतं.

(दृश्य: जुन्या सुती साड्यांचा ढीग. एकजण साडी उजेडासमोर धरून बघते.)

सुरुवात कापड निवडण्यापासून, आणि त्यात एक आख्खी बैठक गेली तर जाऊ द्यावी. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरायचा. जिथून उजेड जास्त आरपार येतो, तिथे कापड विरलंय. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आधी उभ्या आणि नंतर आडव्या धाग्याच्या दिशेने ताणायचं. चरचर आवाज आला, तर ते कापड वरच्या थराला चालणार नाही, पण आतल्या थरात ते उत्तम. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आत असलं की सुई सहज जाते आणि गोधडी अंगाला मऊ लागते. ज्या जागी साडी फारच विरली असेल तेवढा पट्टा कापून काढायचा आणि उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालायचा, म्हणजे ते शिवणीने एकमेकांना जोडायचे. फक्त एका थरातला दंड दुसऱ्या थरातल्या दंडावर येऊ द्यायचा नाही. तिथे जाड उंचवटा तयार होतो आणि सुई अडते. दोन्हींमध्ये किमान वीतभर अंतर हवं.

सिंथेटिक साडी दिसायला झगझगीत असते, पण ती थरांमध्ये घसरते, घाम शोषत नाही आणि गरम इस्त्रीखाली वितळते. सुती गोधडीत ती न घातलेलीच बरी. भिंतीवर टांगायच्या कामात तिला जागा आहे, ते पुढे येईलच.

नवं कापड घालायचं असेल तर आधी धुवायचंच. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, जुनं आटून झालेलं असतं. दोन्ही एकत्र शिवली की पहिल्याच धुण्यात नवा थर जुन्याला आवळतो आणि सगळीकडे चुण्या पडतात. रंगाचीही परीक्षा इथेच घ्यायची. पांढरा सुती तुकडा ओला करून गडद कापडावर जोरात घासायचा. तुकड्यावर रंग आला, तर ते कापड वेगळं धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने उतरणारा रंग पक्का होतो, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. बाजारात मिळणाऱ्या रंगीत सुती कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. तीन-चार वेळा धुऊनही रंग जातच राहिला, तर ते कापड बाजूला ठेवावं. लाल रंगाबाबत तर हात आखडताच घ्यावा.

(दृश्य: थर एकावर एक अंथरले जातात. तळहाताने सुरकुत्या काढणारा हात.)

आता माप. एका माणसाच्या पांघरुणाला ४५ इंच बाय ८० इंच पुरतं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, त्यामुळे रुंदीत जोड लागत नाही. साडेपाच मीटरच्या साडीतून असे दोन पूर्ण थर निघतात आणि उरलेला जवळजवळ दीड मीटरचा तुकडा ठिगळांना येतो. थर चार ते सहा ठेवावेत. किती, हे चिमटीने ठरवायचं. सगळे थर कोपऱ्यात एकत्र धरून त्यातून सुईने तीन टाके एकदम उचलून बघायचे. सुई वाकायला लागली तर एक थर कमी करायचा.

अस्तर सुलटी बाजू खाली करून अंथरायचं आणि चारी कडांना वजनं ठेवायची. त्यावर एकेक थर, प्रत्येकाचा उभा धागा एकाच दिशेला. हात मध्यावरून कडेकडे फिरवायचा, उलटा नाही. वरचा थर सगळ्यात शेवटी, चारी बाजूंनी अस्तरापेक्षा इंचभर मोठा, म्हणजे कडा आत दुमडता येतात.

मग कच्चा टाका, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारी शिवण. गटांमध्ये सगळ्यात जास्त कंटाळा याचाच केला जातो आणि पुढची निम्मी बिघाडं इथूनच निघतात. तीन-चार इंच लांबीचे टाके, मध्यापासून सुरू करून आधी उभी-आडवी फुली, मग दोन तिरप्या रेघा, मग वीत-वीत अंतरावर जाळी. मध्यापासून का? थरांमध्ये कुठे ना कुठे थोडं सैल कापड असतंच. मध्यापासून टाचत गेलं की ते ढकललं जाऊन कडेला बाहेर पडतं.

पण पक्का धावदोरा आपल्याकडे कडेपासून आत घालत नेतात. चौकोनात चौकोन घालत शेवटचा टाका मध्यावर येतो. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या कवंद गोधड्याही अशाच कडेकडून आत शिवत जातात, आणि त्यांच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं असतात. या पद्धतीत कडा आधी बंद होतात, मजबूत होतात आणि चौघांना चार बाजू वाटून घेता येतात. तोटा एकच, पण मोठा: कच्चा टाका नीट नसेल तर सगळं सैल कापड आतआत ढकललं जातं, आणि शेवटच्या हातभर जागेत त्याचा फुगा होतो. तो नंतर कशानेही बसत नाही. आत कापसाचा किंवा पॉलिस्टरचा जाड पदर असेल, तर पक्की शिवणही मध्यापासूनच सुरू करावी.

(दृश्य: चार हातांनी शिवलेले चार नमुने शेजारी शेजारी, बाजूने पडणाऱ्या उजेडात.)

शिवायला बसण्याआधी प्रत्येकाने सहा इंचाच्या चौकोनावर नमुना घालायचा, त्याच थरांवर, त्याच दोऱ्याने. मग वरून दिसणारे टाके मोजायचे. कुणाचे इंचाला चार पडतात, कुणाचे सात. सात घालणाऱ्या हाताला चारवर आणणं किंवा चारच्या हाताला सातवर नेणं, दोन्ही व्यर्थ. दहा मिनिटांत हात मूळ सवयीवर येतो. त्यापेक्षा सगळ्यांनी पाचाच्या जवळपास राहायचं ठरवावं आणि बारीक टाक्याचे दोन हात समोरासमोरच्या बाजूंना बसवावेत. गोधडी मग एकीकडे तिरकी होत नाही. तासाभराने सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकलं तर फरक आणखी विरघळतो. उजव्या हाताने शिवणारे उजवीकडून डावीकडे जातात, म्हणजे सगळे एकाच दिशेने पुढे सरकतात. डावखुरं माणूस उलट्या दिशेने येतं आणि कोपऱ्यावर टक्कर होते. त्याला ठिगळांचं काम द्यावं, किंवा स्वतंत्र ओळ.

टाक्याच्या लांबीपेक्षा दोऱ्याचा ताण जास्त घात करतो. दोरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत घ्यायचा, सुमारे १८ इंच. त्याहून लांब घेतला की तो नेढ्यापाशी पिंजतो आणि गाठी पडतात. सुईवर तीन-चार टाके उचलायचे, दोरा ओढायचा, आणि वीतभर ओळ झाली की तिच्यावरून अंगठा दाबून फिरवायचा. आक्रसलेलं कापड तेवढ्याने मोकळं होतं. अंगठा फिरवायचा राहिला की काय होतं, ते ओळीच्या शेवटी कळतं: कड इंचभर आखूड झालेली असते. भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा वापरत असाल तर तीन पदर पुरे. विरलेल्या कापडावर चिवट पॉलिस्टर दोरा नको. ताण आला तर दोरा तुटला पाहिजे, कापड फाटता कामा नये. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

गाठ वर दिसू द्यायची नाही. सुई वरच्या थरातून दोन इंच अलीकडे घालायची आणि हलका झटका द्यायचा. टप्‌ असा आवाज होतो आणि गाठ आत जाते.

(दृश्य: ठिगळांचे चौकोन जोडले जातात. शिवणयंत्राचा जवळून शॉट.)

गटातला दुसरा मोठा प्रकार म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी एक चौकोन शिवून आणायचा आणि मग सगळे जोडायचे. इथे आधी ठरवलेल्या मापाला फार महत्त्व आहे. १९८७ साली अमेरिकेत एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ एक प्रचंड क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, उभं राहू लागलं. एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी त्याचे भाग शिवले. प्रत्येक भाग ३ फूट बाय ६ फुटांचा. असे ८ भाग जुळले की बरोबर १२ फुटांचा चौरस होतो. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ते पहिल्यांदा अंथरलं, तेव्हा त्यात १,९२० भाग होते.

छोट्या गटाचा चौकोन बहुधा १२ इंचांचा असतो. चारी बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, म्हणून कापताना साडेबारा. आता हिशेब बघा. कुणाची माया दोऱ्याएवढी, म्हणजे एक सोळांश इंच जास्त पडली. ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे दर जोडाला एक अष्टमांश. एका चौकोनात आडवे चार तुकडे, म्हणजे तीन जोड: चौकोन तीन अष्टमांश इंच लहान. असे सहा चौकोन एका ओळीत आले की ओळ सव्वादोन इंच आखूड. शेजारची ओळ दुसऱ्या हातची आणि बरोबर मापाची असेल, तर दोन्ही जुळणार कशा?

यावर साधी परीक्षा आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या आपल्या मशीनवर, आपल्या सवयीने जोडायच्या आणि इस्त्री करून मोजायच्या. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली, तर माया बरोबर. कमी भरली तर सुई आणि कापडाच्या कडेमधलं अंतर कमी करून पुन्हा. काम सुरू होण्याआधी गटातल्या प्रत्येकाने हा नमुना आणावा, असा नियमच ठेवावा. त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. चूक बहुतेकदा मशीनच्या पायाच्या मापाची असते.

इस्त्री दाबायची, ओढायची नाही. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली कड ओढल्याने लगेच ताणते. माया गडद कापडाच्या बाजूला वळवायची, आणि एका ओळीची डावीकडे वळवली तर पुढच्या ओळीची उजवीकडे. जोडताना दोन्ही उंचवटे एकमेकांच्या खाचेत बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. तरीही एखादा चौकोन थोडा मोठा निघालाच, फरक पाव इंचापर्यंत, तर मोठा भाग खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवून शिवायचं. दाते जास्तीचं कापड हळूहळू खातात. फरक त्याहून मोठा असेल तर उसवणंच प्रामाणिक.

जोडलेल्या सगळ्या चौकोनांभोवती पट्टा लावताना कडेची लांबी मोजू नका. कड हाताळून हाताळून ताणलेली असते. फीत मध्यातून घालून मोजा आणि त्या मापाचा पट्टा कापा. कडेच्या मापाने कापलेला पट्टा लाटा मारतो.

(दृश्य: भिंतीवर टांगायचं काम. तुकड्यांवर पारदर्शक जाळी अंथरली जाते.)

टांगायच्या कामात नियम सैल होतात. कापडाच्या बारीक कात्रणांवर नायलॉनची पातळ जाळी अंथरून वरून धावदोरा घातला की कडा न दुमडताही तुकडे जागेवर राहतात. झगझगीत सिंथेटिक कात्रणं इथे शोभतात. लोकरीचा जाड धागा सुईत ओवायचा नाही. तो कापडावर ठेवून बारीक दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी, अर्ध्या इंचाच्या अंतराने बांधायचा. गटासाठी एक सराव फार चांगला: प्रत्येकाला तेच पाच तुकडे द्यायचे आणि सगळ्यांनी एकाच मापाचा चौकोन करायचा. रंगाबद्दल तासभर बोलून जे समजत नाही, ते हे चौकोन शेजारी शेजारी लावले की समजतं.

टांगण्यासाठी मागे काठी ओवायला चार इंचांचा नेफा लावायचा आणि तो फक्त अस्तराला टाचायचा. काठीच्या जाडीपुरता नेफा थोडा सैल ठेवावा, नाहीतर काठीचा उंचवटा पुढून दिसतो.

शेवटी गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी. सरळ कडांना उभ्या धाग्याची अडीच इंची पट्टी दुहेरी करून चालते, गोल कोपऱ्यांना मात्र उरेबच हवी. कोपऱ्यापाशी पाव इंच आधी थांबायचं, पट्टी वर दुमडून पुन्हा खाली आणायची. पट्टीची दोन टोकं तिरकी जोडावीत. सरळ जोडली तर एकाच जागी कापडाचे बरेच पदर येतात आणि गाठोडं होतं. मागच्या बाजूला कापडाची चिठ्ठी शिवायची: कुठल्या बाजूला कोण बसलं होतं, आत किती थर, कोणतं कापड, कोणता दोरा, कोणतं साल. गोधडी फाटते, दुरुस्त होते. दुरुस्तीला बसणाऱ्याला आत काय आहे हे उसवून बघावं लागू नये. धुतल्यावर ती एका कोपऱ्याने लोंबत वाळत घालू नका. ओल्या गोधडीचं वजन टाके तोडतं. तीन दोऱ्यांवर आडवी पसरा.