दगडी पाला

(दृश्य : पन्हाळ्याच्या पायथ्याचं उसाचं रान. सकाळ.)

उसाच्या पात्याला बारीक करवत असते. पाला काढणाऱ्या बायकांचे हात बघा, मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे. ही आजी बांधावर टेकते. बोटातून रक्त येतंय, आणि दुसरा हात न बघताच गवतात जातो. चार पानं. तळव्यावर चोळली, मुठीत आवळली, रस थेट जखमेवर.

"दगडी पाला ह्यो. चुरचुरतंय जरा. पर रगात थांबतंय बग, पोरी."

दगडी पाला, एकदांडी, कंबरमोडी. लांब दांड्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. औषधी वनस्पती म्हटलं की कॅमेरे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाकडे वळतात. आम्ही मुद्दाम बांधावर थांबलो. हे रोप रोज खुरप्याखाली जातं, आणि त्याची नीट परीक्षा व्हायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. वर्तमानपत्रांवर पसरलेली पानं.)

ओळख आधी. एम.एस्सी.ची ही विद्यार्थिनी फूल भिंगाखाली धरते आणि शिवाजी विद्यापीठाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतिग्रंथातलं वर्णन ताडून बघते. रोपच चुकलं तर पुढचं सगळं वाया.

पानं सावलीत वाळवायची. उन्हात रंग उडतो, काही नाजूक घटकही जातात. मग मिक्सर, आणि मग हे काचेचं उपकरण.

(दृश्य : सॉक्स्लेट, जवळून.)

याच्याकडे थोडा वेळ बघत राहा. खाली मिथेनॉल उकळतंय, साधारण ६५ अंशांना. वाफ वर जाते, थंड होते, थेंब थेंब भुकटीवर पडते. भांडं हिरवंगार भरत येतं, आणि पातळी बाजूच्या वाकड्या नळीच्या माथ्याशी पोचली की सगळा अर्क एका दमात खाली उतरतो. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब. पहिल्या फेऱ्या काळ्या-हिरव्या. मग पोपटी. वरचं मिथेनॉल जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत हे चालतं. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी १८७९ साली हे उपकरण मांडलं ते दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी. दुधाच्या या जिल्ह्यात ते सांगायलाच हवं.

मिथेनॉल उडवलं की तळाशी उरतो तो चिकट, काळपट अर्क. शेजारच्या बाटलीत पाण्यात काढलेला अर्क.

(दृश्य : लॅमिनार, म्हणजे जंतुरहित हवेचं कपाट. आत निळसर उजेड. प्लेटवर फिरणारा कापसाचा बोळा.)

अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, या थरावर स्टॅफिलोकोकस ऑरियस पसरतोय. जखमेत पू करणाऱ्या जंतूंपैकी हा एक. दुसऱ्या प्लेटवर ई. कोलाय. प्रत्येकीत चार खळगे : मिथेनॉलचा अर्क, पाण्याचा अर्क, ओळखीचं प्रतिजैविक, आणि ज्यात अर्क विरघळवला ते नुसतं द्रावक. हा चौथा खळगा आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. जंतू द्रावकानेच मरत असतील तर पानाला श्रेय द्यायचं कशाला?

दुसरा दिवस, सकाळ. प्लेट उजेडाकडे धरली आहे.

(दृश्य : प्लेट. तीन सेकंद निवेदन नाही.)

प्रतिजैविकाभोवती मोठं, स्वच्छ वलय. वलय म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत. मिथेनॉलच्या अर्काभोवती लहान, पण आहे. द्रावकाभोवती नाही. पाण्याच्या अर्काभोवतीही नाही. ई. कोलायच्या प्लेटवर अर्काचं वलय जेमतेम. या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते भेदणं कठीण.

(दृश्य : जांभळ्या परीक्षानळ्यांची रांग.)

ही दुसरी परीक्षा, अँटिऑक्सिडंटची. चिरलेलं वांगं काळं पडतं, ते ऑक्सिडेशन. त्याला अडवण्याची ताकद पानात किती, हे हा जांभळा रंग सांगतो. रंग डीपीपीएच नावाच्या रसायनाचा. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा असतो. अर्कातून त्याला जोडीदार मिळाला की जांभळा उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात, मग ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाचं वाचन, शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व. बघा, डावीकडून उजवीकडे अर्क वाढत जातो आणि रंग फिकटत जातो.

इथून औषधापर्यंत विषारीपणाच्या चाचण्या, प्राण्यांवरच्या, माणसांवरच्या, कित्येक वर्षं. आणि खोल जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच.

(दृश्य : पुन्हा बांध. मोबाइलवर प्लेटचा फोटो.)

विद्यार्थिनी आजींना वलयं दाखवते. आजी बोट ठेवतात ते वलय नसलेल्या एका खळग्यावर.

"हितं काय न्हाई ते?"

"तो पाण्यातला अर्क, आजी. पानं वाळवून, पाण्यात भिजवून काढलेला."

"वाळवून? आन् पानी कशाला घातलंस? आमी कवा पानी घालतोय?"

(दृश्य : प्रयोगशाळा. ओट्यावर ताजी, ओली पानं. खलबत्ता.)

या वेळी वर्तमानपत्र नाही, मिथेनॉल नाही. पाचवा खळगा पाडला आहे. पानं आज सकाळी तोडलेली, त्याच बांधावरची.