खाचेपाशी थांबणारी पाटी

टेबलावर ठेवलेली ही फिल्मची पट्टी जेमतेम करंगळीच्या नखाएवढी रुंद आहे. साडेनऊ मिलिमीटर. एरवी फिल्मची छिद्रे कडेला असतात. हिची छिद्रे दोन चौकटींच्या मधल्या जागेत, अगदी मध्यभागी आहेत. भिंगातून नीट पाहिले, तर एके ठिकाणी कडेला बारीकशी खाच पाडलेली दिसते. १९२२ साली फ्रान्सच्या पाथे कंपनीने घरोघरी चित्रपट दाखवता यावेत म्हणून जो लहानसा प्रोजेक्टर बाजारात आणला, त्याच्यासाठी ही खाच आहे. मूकपटात संवादाची पाटी वाचून होईपर्यंत पडद्यावर राहावी लागते आणि तेवढ्यासाठी कित्येक फूट फिल्म खर्ची पडते. ती वाचवण्यासाठी या घरगुती प्रतीत पाटीच्या मोजक्याच चौकटी छापल्या जात. प्रोजेक्टरमधला काटा खाचेत पडला की फिल्म जागच्या जागी काही सेकंद थांबे, घरातली मंडळी पाटी वाचून घेत आणि मग चित्र पुन्हा हलू लागे.

हीच पट्टी आज खाचेकडे लक्ष न देता स्कॅन केली, तर पाटी डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निघून जाते आणि पुढचा विनोद कळत नाही. घरगुती प्रतींचा संग्रह करणाऱ्या माणसाला अशी खाच ओळखता यावी लागते.

या पट्टीवरची मुले 'अवर गँग' या अमेरिकी लघुपटमालिकेतली आहेत. या मालिकेचे निर्माते हॅल रोच. त्यांचा स्टुडिओ कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटी इथे होता. मालिका कशी सुचली याची त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकिगत अशी, की एक आई आपल्या मुलीला चाचणीसाठी घेऊन आली होती. मुलीला नको तितकी रंगभूषा केलेली होती आणि तिचा प्रत्येक हावभाव घोटून घेतलेला होता. तिला निरोप दिल्यावर रोच खिडकीपाशी आले, तेव्हा रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या वखारीत काही पोरे लाकडाच्या तुकड्यांवरून भांडत होती. सर्वांत मोठा तुकडा सर्वांत लहान मुलाने उचलला होता आणि सर्वांत मोठ्या मुलाला तो हवा होता. पंधरा मिनिटे आपण ते भांडण पाहत उभे राहिलो, असे रोच सांगत. मुलांना मुलांसारखेच वागू द्यावे, ही कल्पना त्या वखारीतून आली. सप्टेंबर १९२२ मध्ये 'वन टेरिबल डे' हा मालिकेतला पहिला लघुपट प्रदर्शित झाला.

दिग्दर्शनाची धुरा रॉबर्ट मॅकगोवन यांच्याकडे होती. ते पूर्वाश्रमीचे अग्निशामक दलातले. मूकपटाचा एक मोठा फायदा त्यांनी पुरेपूर घेतला. ध्वनी मुद्रित होत नसल्यामुळे कॅमेरा चालू असताना ते कर्ण्यातून मुलांना थेट सूचना देऊ शकत. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा मुलांना प्रसंग आधी समजावून सांगायचा आणि मग ऐन वेळी आवाज देऊन त्यांच्याकडून तो करून घ्यायचा, ही त्यांची रीत होती. १९२९ मध्ये 'स्मॉल टॉक' हा मालिकेतला पहिला बोलपट आला आणि ही रीत संपली, कारण आता मुलांना वाक्ये पाठ करावी लागणार होती. बोलपटातली पुढची मुले फार लोकप्रिय झाली, हे खरे आहे. तरीही मिकी डॅनियल्सच्या चेहऱ्यावरचे ते दचकणे, जो कॉबचे ते संथ चालणे आणि ॲलन हॉस्किन्स या चिमुकल्या मुलाने साकारलेल्या 'फरीना'चे ते एकाएकी गंभीर होणे मूक लघुपटांतच पाहायला मिळते. माझ्या मते या मालिकेचे सर्वांत मोकळे काम तेच आहे.

मालिकेचे एकूण २२० लघुपट निघाले, त्यांपैकी ८८ मूक होते. सुरुवातीच्या मूक लघुपटांचे वितरण अमेरिकेतल्या पाथे कंपनीने केले आणि १९२७ पासून ते एमजीएम या मोठ्या अमेरिकी स्टुडिओकडे गेले. चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती ३५ मिलिमीटरच्या, नायट्रेटच्या फिल्मवर असत. नायट्रेट झटकन पेट घेते, आणि आग लागली नाही तरी काळाच्या ओघात चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर या प्रतींना बाजारात किंमत उरली नाही आणि त्या सांभाळण्याची निकड कोणाला वाटली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तिथे तयार झालेल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या प्रतीत पूर्ण टिकलेले केवळ १४ टक्के आहेत. लघुपटांकडे तर पूर्ण लांबीच्या चित्रपटांइतकेही लक्ष दिले गेले नव्हते.

घरगुती प्रतींचे महत्त्व इथे कळते. घरात आग लागू नये म्हणून या घरगुती मापांची फिल्म सहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटवर बनवली गेली. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म आणली आणि पाठोपाठ 'कोडास्कोप' नावाची ग्रंथालये उघडली. तिथून पुस्तक आणावे तसे चित्रपटाचे रीळ भाड्याने आणता येई. या प्रती बऱ्याचदा कापलेल्या असत, पाट्या आखूड केलेल्या असत, कधी एखादा प्रसंगच गाळलेला असे. पण स्टुडिओच्या प्रती नष्ट होत असताना या कापलेल्या प्रती कोणाच्या तरी माळ्यावर, डब्यात बंद, शाबूत राहिल्या. घरी दाखवण्यासाठी विकलेली वस्तू हाच पुढे मूळ पुरावा ठरेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढे आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावात केंट ईस्टिन यांच्या ब्लॅकहॉक फिल्म्स या कंपनीने हा व्यवसाय वेगळ्याच निष्ठेने केला. ८ मिलिमीटर, सुपर ८ आणि १६ मिलिमीटर अशा तिन्ही मापांत ब्लॅकहॉकच्या प्रती टपालाने घरपोच मिळत. दोन रिळांचा लघुपट ३५ मिलिमीटरवर सुमारे २००० फूट भरतो, १६ मिलिमीटरवर तो ८०० फुटांत आणि ८ मिलिमीटरवर ४०० फुटांत मावतो. एवढे रीळ पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात बसे आणि खोके पुस्तकांच्या फडताळात उभे राही. ब्लॅकहॉकच्या अनेक प्रतींच्या सुरुवातीला त्या चित्रपटाची पार्श्वभूमी सांगणाऱ्या छापील मजकुराच्या पाट्या जोडलेल्या असत. बैठकीच्या खोलीत भिंतीवर चादर लावून बसलेल्या माणसाला इतिहास सांगण्याची गरज कोणाला तरी वाटली, याचे मला आजही मोल वाटते. डेव्हिड शेपर्ड हे मूकपटांच्या जतनातले मोठे नाव याच कंपनीत काम करून गेले.

आता नावांविषयी सांगितले पाहिजे, कारण संग्राहकाची सर्वांत मोठी अडचण तिथेच आहे. १९३८ साली रोच यांनी ही मालिका 'अवर गँग' या नावासकट एमजीएमला विकली. त्यामुळे रोच यांच्या काळातले बोलपट १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवर आले, ते 'द लिटल रास्कल्स' या नावाने. पाथेच्या काळातले मूक लघुपट वेगळ्या हातांत गेले आणि कापून, संगीत जोडून, नवी शीर्षके चिकटवून 'द मिसचीफ मेकर्स' या नावाखाली मुलांच्या कार्यक्रमांत दाखवले गेले. म्हणजे एकाच लघुपटाची चित्रपटगृहातली प्रत एका नावाची, दूरचित्रवाणीची दुसऱ्या नावाची आणि घरगुती कापीव प्रत तिसऱ्याच नावाची असू शकते. मी स्वतः परदेशातल्या एका विक्रेत्याकडून दोन डीव्हीडी मागवल्या होत्या. वेष्टनांवर लघुपटांची नावे वेगळी, चित्रे वेगळी, किंमतही वेगळी. त्या आल्यावर एकापाठोपाठ एक लावून पाहिल्या, तेव्हा दोन्हींवर तोच लघुपट निघाला. एकीवर पहिल्या रिळाचा शेवट नव्हता आणि दुसरीवर पाट्या नव्हत्या. पैसे गेल्याचे वाईट वाटलेच. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर तो लघुपट मला पहिल्यांदा पूर्ण समजला, हेही तितकेच खरे आहे.

भारतातल्या संग्राहकाला आणखी एक अडसर पार करावा लागे. अमेरिकेतली व्हीएचएस कॅसेट एनटीएससी पद्धतीची आणि आपल्याकडचे दूरचित्रवाणी संच पाल पद्धतीचे. दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर नसेल, तर मागवलेल्या कॅसेटचा काही उपयोग नसे. पुढे डीव्हीडी आली, तेव्हा एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नसे; त्यात अमेरिकेचा विभाग पहिला आणि भारताचा पाचवा, आणि ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, तर भारत सी. मूकपटातल्या मुलांचा वीस मिनिटांचा खेळ पाहण्यासाठी आधी विभागाचे बंधन नसलेला प्लेअर शोधावा लागे.

प्रत हाती आली की ती तपासायची कशी, हे दाखवण्यासाठी १९२३ सालचा 'डॉग्ज ऑफ वॉर' घेऊ. या लघुपटाचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात मुले भाजीपाल्याचा दारूगोळा करून लुटुपुटीचे युद्ध खेळतात. दुसऱ्यात ती एका स्टुडिओत घुसतात, तिथल्या कॅमेऱ्याने स्वतःच चित्रपट काढतात, आणि तो पडद्यावर येतो तेव्हा एकावर एक दोन चित्रे उमटलेली दिसतात. त्याच स्टुडिओत त्यांना मूकपटांतले प्रसिद्ध विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड भेटतात. असा लघुपट कात्रीला फार सोयीचा असतो, कारण एकेक भाग वेगळा काढला तरी गोष्ट पूर्ण वाटते. म्हणून प्रत हाती घेतली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की दोन्ही भाग आहेत का आणि त्यांच्यामधला दुवा आहे का.

दुसरा प्रश्न वेगाचा. मूकपटाला एक ठरावीक वेग नव्हता. सेकंदाला १६ पासून २४ चौकटींपर्यंत तो बदलत असे. वीस चौकटींच्या वेगाने वीस मिनिटे चालणारा लघुपट चोवीसच्या वेगाने लावला, तर तो सतरा मिनिटांच्या आत संपतो आणि त्यातली मुले किल्ली दिलेल्या खेळण्यांसारखी धावू लागतात. पुष्कळांना मूकपट म्हणजे धावपळ असे वाटते, ते अशा प्रती पाहूनच. योग्य वेगाची प्रत लावली की फरीना डोळे वर करून मोठ्या मुलांकडे पाहतो, तो क्षण रेंगाळतो, आणि हसू त्या रेंगाळण्यामुळेच येते.

प्रत्यक्ष फिल्म हातात असेल, तर कोडॅकच्या पट्टीची कड पाहावी. तिथे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात आणि त्यांवरून फिल्म कोणत्या साली बनली ते समजते. या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे १९३६ आणि १९५६ यांची खूण एकच असते. मग इतर लक्षणे पाहून निर्णय घ्यावा लागतो. डबा उघडताच आंबट वास आला, तर ॲसिटेट सडू लागले आहे असे समजावे. आपल्या कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत तर हा रोग फार वेगाने पसरतो. असे रीळ इतरांपासून ताबडतोब वेगळे करावे लागते.

पाट्यांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळे ठेवणारे कायदे अमेरिकेच्या दक्षिणेत लागू होते, त्या काळात या मालिकेत ती मुले एकाच टोळीत, बरोबरीने खेळत होती. अर्नी मॉरिसन हा कृष्णवर्णीय मुलगा सुरुवातीच्या लघुपटांत तर टोळीचा म्होरक्या म्हणून दिसतो. पण त्याच लघुपटांतल्या काही पाट्या आणि काही विनोद कृष्णवर्णीयांची चेष्टा करणारे आहेत. पुढच्या अनेक आवृत्त्यांनी असे भाग काढून टाकले. लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी तसे करणे मी समजू शकतो. संग्रहात मात्र मूळ पाटी हवीच, कारण ती काढली की त्या काळाचे खोटे चित्र उभे राहते आणि ती अपमानास्पद वाक्ये झेलत काम केलेल्या मुलांवर अन्याय होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' जतन केलेला आहे. त्यात बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. कृष्णाचा वेष चढवण्यापूर्वी सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर निरनिराळे हावभाव करून दाखवते. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले आणि त्यांतले मोजकेच उरले. घरी लावण्याच्या प्रती आपल्या मूकपटांच्या वाट्याला जवळपास आल्याच नाहीत. इथे कोणाच्या माळ्यावर दुसरी प्रत नव्हती. 'कालिया मर्दन' उरला त्यात या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाची चिकाटी होती, आणि तरीही तो संपूर्ण उरलेला नाही. कल्व्हर सिटीच्या मुलांचे डबे हाताळताना मला मंदाकिनीचा तो चेहरा प्रत्येक वेळी आठवतो.

अमेरिकेतल्या कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क ९५ वर्षांनी संपतो. १९२२ सालचे लघुपट आधीच मुक्त झाले होते. १९९८ च्या कायद्याने मुदत वाढवल्यामुळे १९२३ सालचे चित्रपट १ जानेवारी २०१९ रोजी मुक्त झाले आणि त्यानंतर दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकत १ जानेवारी २०२५ रोजी १९२९ सालही आले. आता या मूक लघुपटांची प्रत कोणीही काढू शकतो. नव्याने रचलेल्या संगीताचे हक्क तेवढे वेगळे राहतात. म्हणूनच वेगवेगळ्या ठिकाणच्या घरगुती प्रती गोळा करून, एकीतला प्रसंग, दुसरीतली पाटी, तिसरीतला शेवट असे जुळवत पूर्ण लघुपट बांधण्याचे काम आज करता येते.

टेबलावरची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी आपण आता स्कॅनरवर चढवत आहोत. खाच आली, तिथे संगणकावर आम्ही ती पाटी सहा सेकंद धरून ठेवली आहे. तुमची वाचून झाली असेल, तर पुढच्या चौकटीत फरीना मागे वळून पाहतो आहे.