ओंबळ्यांनी सोडली नाही ती नळी

नमस्कार श्रोतेहो.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे होते. हातात फक्त लाठी. अजमल कसाबच्या एके-47 ची नळी त्यांनी धरली ती धरलीच, गोळ्या अंगात शिरल्या तरी सोडली नाही. साताऱ्याच्या केडंबे गावचा हा माणूस त्या रात्री गेला. पण दहा हल्लेखोरांपैकी एक जिवंत हाती लागला.

त्या हल्ल्यात 166 माणसं गेली. लोक संतापले होते. आत्ताच्या आत्ता हल्ला करा, असं घराघरात बोललं जात होतं, आणि ते बोलणाऱ्यांना मी आजही दोष देणार नाही. सरकारने मात्र तेव्हा युद्ध पुकारलं नाही. पुरावे गोळा करून जानेवारी 2009 मध्ये पाकिस्तानच्या हाती दिले. कसाब आपला नागरिक नाही म्हणणाऱ्या पाकिस्तानला त्याच महिन्यात ते कबूल करावं लागलं. फेब्रुवारीत, कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजला, हेही मान्य करावं लागलं. आरोपी मेलेला असता तर हे इतक्या लवकर झालं नसतं.

मग आर्थर रोड तुरुंगातला खटला. सीएसटीवर पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने कसाबला ओळखलं. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेव्हा अनेकांना ते खटकलं. मला मात्र त्यामुळेच कसाबवरच्या निकालाचं वजन वाढलेलं दिसतं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. याच कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला अमेरिकेतून आणायला तर एप्रिल 2025 उजाडलं. सोळा वर्षं! ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना हा काळ किती जड गेला असेल, याचा हिशेब कोणत्याही निकालात मांडलेला नसतो.

नुसत्या संयमाने हल्ले थांबले, असं मी म्हणणार नाही. उरी, पुलवामा, पहलगाम झालंच, आणि त्या प्रत्येक वेळी देशाने लष्करी उत्तरही दिलं. कधी ते द्यावंच लागतं. पण सीमेपलीकडे कितीही जोरदार प्रहार केला, तरी आपल्या दारातली फट त्याने बुजत नाही. ते दहा जण कराचीहून निघाले, वाटेत ‘कुबेर’ ही आपलीच मासेमारी नौका त्यांनी पळवली आणि कुलाब्याच्या मच्छीमार नगरला उतरले. एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे, कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती. म्हणून एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, महाराष्ट्राने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं, सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे गेली आणि मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली.

हे सगळं उभं करणं एक वेळ सोपं. गस्तीची बोट पंधरा वर्षांनंतरही चालू स्थितीत ठेवणं, तिला डिझेल आणि पोहता येणारा कर्मचारी मिळणं, हे कठीण. त्याची बातमी होत नाही, त्यावर मतं मागितली जात नाहीत. माझी खरी काळजी ती आहे.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत बंदरांवर हे भाषण ऐकणाऱ्या बंधूभगिनींनो, अनोळखी बोट, नंबर खोडलेली होडी, रात्री भलत्याच ठिकाणी उतरणारी माणसं दिसली, तर सागरी पोलिसांचा 1093 हा क्रमांक लावा. आणि फोन उचलला गेला नाही, तर तेही ग्रामसभेत मोठ्याने विचारा.

नमस्कार.