जवळची प्रत

(पडद्यावर: कॅलिफोर्निया. बर्कलेची टेकडी, वर प्रयोगशाळा, खाली विद्यापीठाच्या इमारती.)

ऑक्टोबर 1986. टेकडीवर लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा, उताराखाली कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्हींत अंतर जेमतेम 400 यार्ड. एरवी या दोन ठिकाणांमध्ये सेकंदाला 32 हजार बिट जात. त्या महिन्यात तो वेग 40 बिटांवर आला. चाळीस बिटांत पाच रोमन अक्षरे मावतात. सेकंदाला पाच अक्षरे!

तार कुठे तुटली नव्हती. संगणकही ठणठणीत होते. पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्याची, पोच वेळेत आली नाही, की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवी. त्या जादा पॅकेटांनी वाट आणखी तुंबे, पोच आणखी उशिरा येई, आणि सगळे पुन्हा पाठवायला लागत. जाळे पूर्ण क्षमतेने धावत होते, पण वाहत होता तो बहुतेक तोच तोच माल.

प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातल्या माइक कॅरल्स यांच्यासोबत हा गुंता सोडवला. त्यांचा शोधनिबंध 1988 मध्ये आला. उपाय असा, की प्रत्येक संगणकाने हळू सुरुवात करायची, पोच येत राहील तसा वेग वाढवायचा, आणि पॅकेट हरवले की ताबडतोब हात आखडता घ्यायचा. चौकात कोणी हवालदार नाही, वरून हुकूम नाही. लाखो यंत्रे आपापल्या जागी संयम पाळतात आणि त्यातून सगळ्यांची वाट मोकळी राहते. आजही इंटरनेट ज्या शिस्तीवर चालते, तिचा पाया हा आहे. मला हे विसाव्या शतकातल्या अभियांत्रिकीतले अतिशय सुंदर काम वाटते.

याच माणसाने वीस वर्षांनी, 2006 मध्ये, एका व्याख्यानात सांगितले की इंटरनेटची मूळ मांडणीच आता आपल्या कामाला पुरत नाही. ते असे का म्हणाले, हे समजण्यासाठी मधल्या वीस वर्षांत काय काय करून पाहिले गेले ते आधी बघू.

(पडद्यावर: नव्वदच्या दशकातले संगणक, टेलिफोनला जोडलेला मोडेम, हळूहळू उतरत जाणारे चित्र.)

इंटरनेट पॅकेट पोहोचवण्याचा प्रयत्न करते, हमी देत नाही. ईमेल दोन सेकंद उशिरा आली तर बिघडत नाही. आवाज आणि चित्र मात्र थांबू शकत नाहीत. म्हणून 1994 मध्ये ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस’ नावाचा आराखडा मांडला गेला. बोलणे सुरू होण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे, म्हणजे पॅकेटे पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्राकडे, जागा राखून ठेवायची, रेल्वेच्या आरक्षणासारखी. आराखड्यात दोष नव्हता, पण तो जगभर लागू होणे शक्य नव्हते. मोठ्या राउटरमधून एकाच वेळी लाखो संवाद वाहतात. त्यातल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची कोणी? शिवाय वाटेत पाच कंपन्यांची जाळी असली, तर पाचही जणांनी एकमेकांची आरक्षणे मानायला हवीत.

मग 1998 मध्ये सोपी वाट निघाली, ‘डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस’. पॅकेटवरच शिक्का मारायचा: हे तातडीचे, हे साधे. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात हे आजही उत्तम चालते. पण जाळ्याची हद्द ओलांडली की पुढचा त्या शिक्क्याला किंमत देईलच असे नाही.

एका गोष्टीकडे त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष होते. दर्जा सुधारायचा, तर वाटेवर हमी मागण्यापेक्षा वाटच आखूड करता येते.

(पडद्यावर: एमआयटीची इमारत, फळ्यावर गणिताची सूत्रे.)

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली एमआयटीत होते. वेबवर पुढे तुंबणारी गर्दी त्यांना आधीच दिसत होती आणि 1995 मध्ये त्यांनी तो प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. गणितज्ञ टॉम लेटन यांनी तो मनावर घेतला. त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन त्यात उतरला. प्रश्न असा होता: एका संकेतस्थळाच्या प्रती हजारो सर्व्हरवर ठेवल्या, तर कुठली वस्तू कुठल्या सर्व्हरवर आहे हे कसे ठरवायचे? आणि मधला एखादा सर्व्हर बंद पडला, तरी सगळी मांडामांड पुन्हा करावी लागू नये, हे कसे साधायचे? त्यांच्या गटाने 1997 मध्ये ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही रीत मांडली. तिच्यात एक सर्व्हर गेला तर फक्त त्याच्या वाट्याच्या वस्तू इकडेतिकडे जातात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. 1998 मध्ये अकामाई कंपनी उभी राहिली आणि ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क’, म्हणजे सीडीएन, हा शब्द रुळला.

11 सप्टेंबर 2001 रोजी बॉस्टनहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट 11 मध्ये डॅनियल लेविन होते. वय 31. ते विमान न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवले गेले. त्याच दिवशी जगभरचे लोक बातम्यांच्या संकेतस्थळांवर तुटून पडले आणि अकामाईतले त्यांचे सहकारी ती संकेतस्थळे चालू ठेवण्यासाठी धडपडत होते. लेविन यांच्या गणितावर उभी असलेली यंत्रणा त्या दिवशी जगाला बातमी पोहोचवत होती.

(पडद्यावर: मुंबई. दिव्यांनी उजळलेले वानखेडे स्टेडियम.)

आता मुंबईत येऊ. 15 नोव्हेंबर 2023, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध न्यूझीलंड. विराट कोहलीचे एकदिवसीय सामन्यांतले पन्नासावे शतक, मोहम्मद शमीचे सात बळी. त्या दिवशी हॉटस्टारवर एका क्षणी 5 कोटी 30 लाख प्रेक्षक एकाच वेळी सामना पाहत होते. चार दिवसांनी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हा आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला.

थोडे गणित करू. वानखेडेच्या सामन्यात प्रत्येक प्रेक्षकाला सेकंदाला 2 मेगाबिट धरले, तरी एकूण 106 टेराबिट होतात. एवढा प्रवाह एका इमारतीतून बाहेर काढणे केवळ अशक्य. म्हणून सामन्याचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, ते देशभरच्या सीडीएन सर्व्हरवर पाठवले जातात आणि लातूरच्या प्रेक्षकाला त्याच्यातल्या त्याच्यात जवळच्या सर्व्हरवरून तुकडा मिळतो. नेटफ्लिक्सने 2012 पासून याच्याही पुढे जाऊन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आवारातच आपली यंत्रे बसवायला सुरुवात केली. गर्दी नसलेल्या वेळी ती भरून ठेवली जातात.

म्हणजे दर्जाचा प्रश्न सुटला? ज्यांची प्रत जवळ ठेवलेली आहे, त्यांच्यापुरता सुटला. जवळ जागा मिळवायला मात्र पैसा किंवा मोठे नाव लागते. एखाद्या विद्यापीठाचे लोककलांच्या चित्रफितींचे संग्रहालय, एखाद्या तालुक्यातल्या शिक्षकाने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेले धडे, यांना तो जवळपणा हवा असेल तर मोठ्यांच्या दारात जावे लागते. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने 2017 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी केल्या. पॅकेटांत भेदभाव करायचा नाही, हे तत्त्व त्यात ठामपणे आले, आणि ते योग्यच होते. सीडीएन मात्र त्या बंधनाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. त्यामागे व्यावहारिक कारणे होती, पण परिणाम असा की वाटेवर सगळे समान आणि वाट किती लांब असावी हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर.

दुसरा धोका एकवटण्याचा. 8 जून 2021 रोजी फास्टली या सीडीएन कंपनीच्या एका ग्राहकाने आपल्या सेटिंगमध्ये अगदी वैध बदल केला. त्यामुळे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला दडलेला दोष जागा झाला आणि तिच्या जाळ्याचा 85 टक्के भाग मागितलेल्या पानांऐवजी त्रुटीचे संदेश देऊ लागला. ब्रिटिश सरकारचे संकेतस्थळ, द गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, सगळे एकदम अडले. कंपनीने 49 मिनिटांत बहुतांश जाळे पूर्ववत केले, ही तिची तत्परता. पण जे जाळे मुळात एक भाग पडला तरी बाकीचे चालावे म्हणून कल्पिले गेले, त्यात असे व्हावे याची मला काळजी वाटते.

(पडद्यावर: कागदावर काढलेली दोन यंत्रे, मध्ये एक रेघ.)

जेकबसन यांचे म्हणणे इथे लागू पडते. इंटरनेट घडले तेव्हा संगणक दुर्मिळ आणि महाग होते. इथला माणूस तिथल्या यंत्राशी बोलणार, हा मुख्य उपयोग. म्हणून प्रत्येक पॅकेटवर कुठून आणि कुठे एवढे दोन पत्ते असतात. आत काय आहे, हे जाळ्याला माहीत नसते. आज आपण बहुतेक वेळा एखाद्या यंत्राशी बोलायला जात नाही, आपल्याला एखादी वस्तू हवी असते: गाणे, बातमी, सामन्याचा पुढचा तुकडा. ती कुठल्या यंत्रातून आली याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते.

दिवाळी अंकाचे उदाहरण घ्या. तुम्ही अंक नावाने मागता. तो प्रकाशकाच्या कचेरीतून आला, कोपऱ्यावरच्या स्टॉलवर मिळाला की शेजारच्या काकूंनी वाचून झाल्यावर दिला, मजकूर तोच. आजच्या इंटरनेटवर मात्र इमारतीतल्या वीस बिऱ्हाडांना तोच अंक हवा असेल, तर वीस वेगळी टपाले निघतात आणि पोस्टमनला पत्ता सोडून काही वाचता येत नाही.

2009 मध्ये जेकबसन आणि पार्क या संशोधन केंद्रातील सहकाऱ्यांनी या विचाराला तांत्रिक रूप दिले. 2010 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने भावी इंटरनेटच्या रचनेसाठी चार प्रकल्प निवडले. त्यातला एक ‘नेम्ड डेटा नेटवर्किंग’, एनडीएन. नेतृत्व कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिसच्या लिशिया झँग यांच्याकडे.

एनडीएनमध्ये पॅकेटचे दोनच प्रकार. एक मागणीचे, त्यावर हव्या त्या वस्तूचे नाव. दुसरे वस्तूचे, त्यावर तेच नाव आणि निर्मात्याची डिजिटल सही. मागणी राउटरकडे आली की तो आधी आपल्या साठ्यात बघतो. प्रत असेल तर तिथूनच देतो, मागणी पुढे जातच नाही. नसेल तर मागण्यांची वही उघडतो: ही वस्तू आधीच कोणी मागितली आहे का? मागितली असेल, तर नवी मागणी कुठल्या वाटेने आली ते त्याच ओळीत जोडतो आणि गप्प राहतो. दोन्ही ठिकाणी काही नसेल तरच, नाव पाहून, मागणी पुढे पाठवतो. वस्तू परत येते तेव्हा वहीत नोंदलेल्या सगळ्या वाटांनी एकेक प्रत जाते आणि एक साठ्यात राहते. सामन्याच्या तुकड्याच्या हजारो मागण्या राउटरपाशी एकवटून वर एकच जाते. ज्या जवळपणासाठी आज करार करावे लागतात, तो इथे जाळ्याच्या स्वभावातच आहे, लहानांसाठीही.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. 24 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी त्याचे पत्ते आपल्याकडे वळवले. ती घोषणा चुकून जगभर पसरली आणि सुमारे दोन तास यूट्यूब ठिकठिकाणी दिसेनासे झाले. पत्त्यावर भरवसा ठेवला, की पत्त्यावर दावा सांगणारा कोणीही फसवू शकतो. सही वस्तूवरच असेल, तर खोटी वस्तू तपासणीत उघडी पडते. मागणी भलतीकडे गेली, तरी उत्तर न आल्याचे राउटरला कळते आणि तो दुसरी वाट धरून पाहू शकतो.

(पडद्यावर: सर्व्हरचे कपाट, लुकलुकणारे दिवे.)

मग हे अजून सर्वत्र का नाही? आक्षेप भक्कम आहेत. आज जगभरच्या राउटरना साधारण दहा लाख पत्तासमूह लक्षात ठेवावे लागतात. वस्तूंची नावे त्याहून कितीतरी पट जास्त. शिवाय वाटेतल्या राउटरला नाव वाचता आले, तर कोण काय मागतो हेही त्याला कळते. आजचे वेब बहुतांशी कूटबद्ध आहे, ते याच कारणासाठी. ज्या समाजात लोक आजाराची माहिती गुपचूप शोधतात, तिथे हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. आणि 2013 मध्ये संशोधकांच्या एका गटाने दाखवले की प्रती साठवण्याचा बहुतेक फायदा जाळ्याच्या कडेवर, म्हणजे वापरणाऱ्यांजवळच्या टोकाला, साठा ठेवूनच मिळतो. त्यासाठी प्रत्येक राउटर बदलायची गरज नाही.

मला तो निष्कर्ष पटतो. कडेवरचा तो साठा कोणाचा आणि कोणासाठी, याचे उत्तर मात्र त्यात नाही.

दर्जाची लढाई दुसऱ्या टोकालाही चालू होती. राउटरमधली स्मृती स्वस्त झाली, रांगेची जागा वाढत गेली, आणि पॅकेटे हरवण्याऐवजी रांगेत ताटकळू लागली. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा हेच जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही रीत दिली. रांग किती लांब आहे हे न मोजता पॅकेट किती वेळ थांबले हे मोजायचे, आणि ते थांबणे 5 मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिले की पॅकेटे टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायचा. घरच्या राउटरमध्ये ही सोय असेल, तर एकजण मोठी फाइल चढवत असतानाही दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळत नाही.

एनडीएनची कल्पना आता वेगळ्या दाराने आत येते आहे. इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये 2022 मध्ये ‘मीडिया ओव्हर क्विक’ हा कार्यगट स्थापन झाला (क्विक ही इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याची एक नवी पद्धत). थेट प्रक्षेपणासाठी तिथे जी रचना घडते आहे, तिच्यात चित्राच्या प्रवाहाला नाव असते. मधले रिले, म्हणजे प्रवाह पुढे पोहोचवणारे सर्व्हर, त्या नावाने नोंदणी घेतात, अनेकांच्या मागण्या एकत्र करून वर एकच पाठवतात आणि आलेला तुकडा साठवून सगळ्यांना वाटतात. आतला मजकूर कूटबद्ध राहू शकतो. रिलेला नाव पुरते, आत डोकवावे लागत नाही. आधीचा खासगीपणाचा आक्षेप इथे पुष्कळसा सौम्य होतो, आणि हे सारे आजच्या इंटरनेटच्या वरच चालते, खालचे राउटर जसेच्या तसे ठेवून.

हे मसुदे खुले आहेत, त्यांच्यावरची चर्चा खुली आहे आणि तिच्यात भाग घ्यायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांनी आणि लहान इंटरनेट पुरवठादारांनी आताच तिथे बसायला हवे. मुंबईत जिथे अनेक पुरवठादारांची जाळी एकमेकांना मिळतात, त्या ठिकाणी एक सामायिक रिले उभारून तो कोणत्याही मराठी शाळेच्या, नाट्यसंस्थेच्या किंवा ग्रंथालयाच्या प्रक्षेपणासाठी खुला ठेवायचा, एवढ्या प्रयोगापासून सुरुवात करता येईल.